आगाऊ शून्यं

—नाही नाही, चार्ज घ्यायच्या आधी हे रजिस्टर नीट बघा, सगळे नुसती सही करतात नि मोकळे होतात—अगं बाई! दार होय. वाऱ्याने आपटतं ते. दचकते मी, हसू नका. तर काम सोपं आहे, रोज साडेआठला टेकडीवर जायचं, एकशे बारा पायऱ्या, पर्जन्यमापकातली बाटली काढायची, पाणी मोजायचं, खाली येऊन आकडा लिहायचा. आकडा कसला, शून्य! तो भिंतीवरचा तक्ता बघा, तीस वर्षांपूर्वी इथे पावसाचे दिवस साठ, गेल्या वर्षी सतरा—पण वर्षाची बेरीज जवळपास तीच. म्हणजे पडतो तेव्हा कोसळतो. डोंगरापलीकडे उलटं, तिथे कोरडं असायचं, आता चिखल हटत नाही. कॉलेजात हाच विषय होता माझा, सगळं पाठ, आणि तरी मी—

काय? हो, सातही शून्यं एका दमात लिहिलेली. नजर तेज आहे तुमची. बेचाळीस दिवस थेंब नाही म्हटल्यावर रोज कोण चढणार? सोमवारीच आठवड्याची शून्यं घालून टाकायचे मी. त्या गुरुवारी काकांचा फोन आला—माझे सख्खे काका, खालच्या पुलाचं फाटक त्यांच्याकडे, वर पाऊस झाला की ते बंद करून पुलावरची ये-जा थांबवायची—"काय गं चिमणे, वर किती?" मी रजिस्टरात बघून सांगितलं, शून्य, काका. रात्री खाली गावात थेंब नव्हता, पण येताना इथल्या पायऱ्यांशी ओल दिसली होती. मला वाटलं, टाकी भरून वाहिली असेल.

फाटक उघडंच राहिलं. काका पुलाखाली अडकलेला ओंडका काढायला उतरले. पाणी आलं नि तासाभरात गेलंही. मग चौकशी. वर नोंद शून्य, म्हणजे पूर येणं शक्य नाही, म्हणजे माणूस स्वतःच्या निष्काळजीपणाने पडून गेला. काकूला तसं लेखी आलंय. तिने कागद मलाच वाचायला दिला, डोळे अधू झालेत ना तिचे—मी वाचला. सगळा. रडूबिडू आलं नाही. चहा टाकला दोघींना.

बाटली? दुपारी गेले वर. ओतून टाकली. आधी मोजली मात्र, सवय. चौऱ्याण्णव मिलिमीटर.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत कशाला? नाही विचारलंत? असो. खाडाखोड केली की बाजूला ज्याची त्याने सही करायची, एवढं लक्षात ठेवा. पेन द्या तुमचं. आणि बाहेर थांबा जरा, कुणी बघत असलं की आकडा वाकडा येतो माझा.