बाभळीची पाचर

—कॉलर सोडा साहेब. एकदा सांगितलं, आता हात बोलंल. हां. पळतोय कुठं मी? साठी उलटली, गुडघं गेल्यालं. पोलिसाला फोन करताय? करा की. तिकीट काढून आलो आन काच फोडली, मीच फोडली, नाव महिपत. रक्त येतंय? येऊ द्या. ह्या लाल गाडीवर सांडलं तर पुसून घ्या, हितंच बनल्याली गाडी हाय, तिला सवय हाय. आन तो लाकडाचा तुकडा मागू नका. खिशात हाय. काढायला हात घातला तर मोडून ठिवीन.

तुमी म्युझियमचं साहेब, तुमाला काय म्हाईत? आता गारगार एसी, गाड्यांना दोऱ्या, पोरी सेल्फी काढत्यात. हे प्रेस शॉप व्हतं, पत्रा दाबून गाडीचं दरवाजं काढायचो हितं. हे मशीन पडलं की बाळकुम नाक्यापातूर जमीन हालायची! एकवीस वर्सं काढली मी ह्याच्यासमोर. आन तुमी काय केलं — काचंच्या पेटीत ही लाकडाची पाचर ठिवली, खाली पाटी. वाचता येतं मला तेवढं. 'कामगार भिवा म्हात्रे यांनी बनवलेली पाचर.' कुनी सांगितलं? जुन्या चौकशीच्या फायलीत हाय? फायलीत! त्या फायलीला आग लावा!

ही दोन हिरवी बटनं बघा, एक माज्या बाजूला, एक समोरच्याच्या. दोघांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येनार — हात बाहेर ऱ्हावं म्हनून. पन असं केलं तर पाळीचा माल कवा निघायचा? मग समोरच्याच्या बटनात पाचर ठोकायची, ते दाबल्यालंच ऱ्हातं. एकानं मशीन मारायचं, दुसऱ्यानं माल वडायचा. सगळी लाईन तसंच करायची. फोरमन बघायचा आन तोंड फिरवायचा. मी बटनावर, भिवा समोरनं पत्रा लावायचा. जोडी आमची. ह्याच जागंवर त्याच्या बापाचं भात व्हायचं, जमीन कंपनीनं घेतली म्हनून त्याला घेतल्याला कामावर. त्याची बायको आवडाबाई बोंबलाची चटनी द्यायची — त्यातली अर्धी माजी. आन बाभळीचं लाकूड माजं, गावावरनं आनल्यालं, येष्टीत मांडीवर ठिवून... हां, तासली मीच. भिवाचा हात चिखलातला, लाकडातला न्हाई. मग? बघता काय असं?

त्या दिशी त्यानं पाचर उपटली आन भंगारात फेकली. 'घाटी, हात जाईल रं कुनाचा तरी.' सगळ्या लाईनीसमोर. हसली सगळी. मला घाटी म्हनलं की — ठिवून दिली एक, ओठ फुटला त्याचा. पाचर हुडकून आनली, हातोड्यानं ठोकली, म्हनलं, लाव पत्रा. लावला त्यानं. बाहीला तोंड पुसत लावला. चौथा पत्रा वाकडा बसला. सरळ करायला आत हात घातला त्यानं. उजवा. मनगटापासनं गेला. बोटं पत्र्यातच, साहेब, दरवाज्याच्या पत्र्यात.

चौकशीत मी सांगितलं — पाचर त्याची, ठोकली त्यानं, मशीनच्या आवाजात मला काय ऐकू आलं न्हाई. त्याच्या म्होरं कागद ठिवला. डावा अंगठा लावला त्यानं. वाचून दाखवा म्हनला न्हाई, माज्याकडं बघितलं फक्त. त्याला काढला, मी ऱ्हायलो. आन हा येडा मला घरी बोलवायचा! मरेपातूर! डाव्या हातानं चहा द्यायचा, निम्मा बशीत सांडायचा. मी बशीतला प्यायचो.

आवाज? कसला आवाज साहेब. जेवनाची सुट्टी व्हती, सगळी मशीनं बंद, रागारागानं मी आमचं एकच चालू ठिवल्यालं. 'थांब,' म्हनला तो. 'थांब महिपत.' ऐकल्यालं मी. चांगलं ऐकल्यालं. अंगात आग व्हती, म्हनलं थांबवून दाव तुज्या बा—

काय न्हाई. काय न्हाई म्हनलो मी.

अकरा वाजता भावना येनार हाय, त्याची पोरगी. फोन केला मला — काका, बाबांचं नाव लागलंय म्युझियमात, तुमीच चला संगं, तुमी जोडीदार. काय वाचनार ती? बापानं सोताच्याच पाचरीनं सोताचा हात घालवला? म्हनून आधी आलो, फोडली. आता दुसरी पाटी करा. घ्या पेन, लिवा. पाचर महिपतनं तासली. महिपतनं ठोकली. भिवा थांब म्हनला तरी...

लिवताय काय खरंच? खोडा. खोडा ते! ती बघा आली दारात, हार घिऊन. हात हालवतीया मला. ऐका — म्हातारा पिऊन आल्याला, त्यानं काच फोडली. काचंचंच सांगायचं तिला. दुसरा शब्द काढला तर दात हातात दीन. व्हा बाजूला.