प्रश्न विचारायची पाळी

दातांच्या दवाखान्यात सुजलेल्या गालावर ओढणी गुंडाळून बसलेल्या कामगारांना ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी मागच्या बाकावरचे आवाज ओळखले. एक त्यांच्याच लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या मशीनवरच्या मावशींचा, दुसरा तिथल्या नव्या मुलीचा.

“मावशी, उद्या ट्रेनिंगमध्ये प्रश्न विचारायची पाळी माझी ना?”

“हो बाई. मागच्या वेळी कुणी काहीच विचारलं नाही, तर बाईंचा चेहरा एवढासा झाला. घसा कोरडा करून शिकवतात गं बिचाऱ्या.”

“काय विचारू?”

“टीमवर्क म्हणजे काय, ते विचार. खूश होतात.”

“मला वेगळंच विचारायचंय. बंदचं बटण दाबलं तरी मशीनचा रोलर थोडा वेळ फिरतच राहतो. मग अडकलेली चादर काढायला हात कधी घालायचा? परवा माझी बोटं थोडक्यात वाचली.”

“अगं! हात पाठीमागे बांधायचे, दहा आकडे मोजायचे, मगच घालायचा. उद्या मशीनवर दाखवते. पण हे बाईंना विचारू नकोस हं.”

“का?”

“त्यांना कुठून माहीत असणार? चारचौघांत उगाच पंचाईत व्हायची.”

तेवढ्यात आतून बाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या, मागे वळल्या आणि तोंडावरची ओढणी काढली.

“मावशी, उद्या तुम्ही शिकवा. प्रश्न विचारायची पाळी माझी.”