चष्म्यातला रॅम्प

व्हीआर म्हणजे काय, विचारताय? अरे, मोठं भाग्य लागतं ते बघायला! आम्हा अपंगांना हॉटेलच्या रिसेप्शनचं काम शिकवायला मालवणात ते, डोळ्यांवर चढवले की समोर अख्खं हॉटेल उभं करणारे, चष्मे आले. आता इतकी महागडी वस्तू तळमजल्यावर ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून प्रशिक्षणाच्या साहेबांनी पहिल्या मजल्यावरची जागा निवडली. लिफ्ट नाही. चार जणांनी मला व्हीलचेअरसकट पालखीसारखं वर नेलं, तेही रोज.

चष्म्यात मात्र स्वर्ग! दारात रॅम्प, काउंटर माझ्या उंचीचं.

मी साहेबांना म्हटलं, "ह्या हॉटेल खंय आसा? उद्याच कामाक जातंय."

"अहो, असं हॉटेल कुठेच नाही. हे फक्त सरावासाठी."

शेवटच्या दिवशी नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला मलाच सांगितलं. आमच्या घराण्याचा तो मान. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चष्म्याची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"चष्म्यातलो रॅम्प ह्या जिन्यार येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय इलो, तर जेणी ही जागा निवडली, तेका ह्योच जिनो खुर्चेत बसान चढाक लाव!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. इथल्याच मसुऱ्याचा माणूस, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून आपोआप निघतं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच, चष्म्याशिवाय, जिन्याकडे बघितलं.