घाणेरीखालचा कोयता

— नाही, आत येऊन खुर्चीवर बस, असं उंबऱ्यात केविलवाणं उभं राहू नकोस, मला चीड येते. आणि तो कागद आधी खाली ठेव. वकिलाने पाठवलाय म्हणे! अशिलाच्या मुलीला एकटीला साक्षीदाराच्या घरी धाडतो — का, तर म्हातारा विरघळेल. चैताली ना तू? मल्हारीची मुलगी. कोर्टाच्या व्हरांड्यात शाळेच्या गणवेशात उभी असायचीस, दोन वेण्या — म्हणजे, असशील, मला कशाला आठवेल? अकरा वर्षं झाली.

हे बघ, जे पाहिलं ते मी सांगितलं. पंच म्हणजे काय, हे तरी कळतं का तुमच्या वकिलाला? पोलीस आरोपीकडून काही हस्तगत करतात, तेव्हा ते समक्ष पाहायला दोन तिऱ्हाईत, प्रतिष्ठित माणसं लागतात. कॉलेजला पत्र आलं, प्राचार्यांनी मला पाठवलं, कारण माझा तास नव्हता. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पीएचडी — आणि माझ्या जोडीला दुसरा पंच कोण? तलाठी कार्यालयातला शिपाई! वारला बिचारा. त्याचं कोण ऐकणार होतं? तुझ्या बापाला शिक्षा झाली ती माझ्या शब्दावर. तुमचा तेव्हाचा वकील तर आणखीच दिव्य. उलटतपासणीत मला विचारतो, 'साहेब, कोयता झुडपाखाली होता म्हणता, तर कसलं झुडूप होतं ते सांगा.' मला! झुडूप! तीस वर्षं मी शिकवलं — म्हटलं, घाणेरी. लॅन्टाना कॅमारा. टंकलेखकाला स्पेलिंगही मीच सांगितलं. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलंय, साक्षीदार विषयाचा जाणकार आहे, त्याने झुडपाचं नावही अचूक सांगितलं, सबब विश्वासार्ह. ते पान आहे माझ्याकडे. होतं. असेल कुठेतरी.

काय दाखवतेस? मोबाईल जवळ धर. हीच जागा? सिन्नरच्या पुढचा तो नाला? छे, इथे कशी येईल घाणेरी, नुसता कातळ आहे हा, मूठभर माती नाही, हा निवडुंग तेवढा तगलाय आणि तोही चाळीसेक वर्षांचा दिसतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल, की इथे घाणेरीचं झुडूप कधी —

जीपमधून नीट दिसत नव्हतं.

बघू नकोस अशी. सगळे पंच जीपमध्येच बसतात, विचार कुणालाही! फौजदार म्हणाला, 'सर, तुम्ही कशाला उन्हात येता, काटेकुटे आहेत तिकडे.' एप्रिल होता, मला रक्तदाब — तेव्हा नव्हता रक्तदाब, तो नंतरचा. ते तुझ्या बापाला घेऊन उताराखाली गेले, फडक्यात कोयता गुंडाळून आले. पंचनामा आधीच लिहिलेला होता. मी बॉनेटवर सही ठोकली. वाचलं नाही. विद्यार्थ्यांच्या जर्नल्सवर नाही का करत आपण सह्या, गठ्ठ्याने? तशी. आता मला काय ठाऊक, तुझ्या बापाने मारलं का नाही शेजाऱ्याला! मारलंही असेल. नसेलही. मी देव आहे का?

आण तो कागद, ते प्रतिज्ञापत्र. 'मी जप्तीच्या जागी गेलो नव्हतो' — बरोबर. 'कोयता कोठून काढला हे मी पाहिले नाही' — बरोबर. 'सदर सही मी पोलिसांच्या दबावाखाली' — हे कुणी लिहिलं? कुणी लिहिलं हे? तुमचा वकील मला पळवाट देतोय! भीक घालतोय मला! कसला दबाव? चहा पाजला त्यांनी, 'सर, सर' केलं, परत येताना पुढच्या सीटवर बसवलं. कुणी साधा आवाजसुद्धा चढवला नाही. आणि साक्षीच्या वेळी? तिथे तर पोलिसांनी पढवलेलं नुसतं 'झुडूप' होतं. घाणेरी माझी. ती मला कुणी सांगितली नव्हती. नाही, असल्या खोट्यावर मी सही करणार नाही. घेऊन जा. नवा टाईप करून आण, मग बघू, पुढच्या आठवड्यात — काय? सोमवारी सुनावणी? उच्च न्यायालयात अपील दहा वर्षांनी बोर्डावर आलं, आणि आज शुक्रवार, आणि आज तुम्ही येता! धन्य आहात.

पेन कशाला देतेस? मी खोडू? मीच?

गप्प बस जरा.

दबाव — काट मारली. इथे समासात लिहितो. 'कोणीही दबाव आणला नव्हता. झुडपाचे नाव मी मनाने सांगितले.' दिसतंय ना स्वच्छ? अक्षर बघ कसलं आलंय. हे वाचून मलाच आत टाकतील, तुमच्या त्या दिव्य वकिलाला एवढं तरी कळेल ना? सही नोटरीपुढे करायची? बरं. खाली जा, रिक्षा थांबव. रडतेस कशाला? तुझ्यासाठी करत नाहीये मी काही. आणि हात धरू नकोस माझा — जिना मला उतरता येतो. जा म्हटलं ना!