समंजस डावा पाय

नाही, पण माशांना पाय चावायला द्यायचे आणि वर त्याला आराम म्हणायचं, ही कुठली रीत, तुम्हीच सांगा... तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं मी, टाचा अशा झाल्यात की चादर फाटते. निवृत्त झालो, सूनबाईला वाटलं सासऱ्यांचे जरा लाड करावेत, म्हणून मला आणि आमच्या हिला घेऊन गेली फिश स्पाला. आता सून इतक्या मायेनं नेतेय, तर नाही कसं म्हणायचं? ह्यात माझी काय चूक?

तिथे काचेची टाकी, त्यात बोटाएवढे मासे, आणि शेजारी टाकीवाल्या बाई, चेहरा असा की शाळेच्या मुख्याध्यापिकाच. त्यांनी आधी विचारलं, पायाला जखम आहे का, साखर आहे का? मी म्हटलं, आहे की, चहात, दोन चमचे. हसल्या नाहीत हो. मग म्हटलं, तसलं काही नाही. कधी तपासलंच नव्हतं, तर मला कसं कळणार... ह्यात माझी काय चूक?

सोडले पाय. उजव्याला अशा गुदगुल्या की मी खुर्चीतून निम्मा बाहेर, ही म्हणतेय अहो लोक बघतायत, पण डावा? एकदम शांत. टाचेवर माशांची झुंबड, तरी हूं नाही की चूं नाही. मला अभिमानच वाटला, म्हटलं, घरात एक पाय तरी समंजस निघाला. तेवढ्यात बाई आल्या, खाली बसल्या, डावा पाय उचलून टाच उलटी केली आणि सूनबाईला हळूच म्हणाल्या, "ह्यांना काही कळत नाहीये."

मी म्हणणार होतो, घरीही हेच मत आहे... पण हिचा चेहरा बघितला आणि मीही वाकून टाच बघितली.

चपलेतली चूक हो, तो बारका खिळा, टाचेत डोक्यापर्यंत रुतलेला, भोवती काळंनिळं, आणि मी त्यावर चार दिवस बाजारहाट करत होतो! सापडली म्हटलं माझी चूक.

बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा पाय असाच गेला. तेही हसतच होते."

टाकी बंद केली, बाकीची गिऱ्हाइकं उठवली, आणि दवाखान्यापर्यंत स्वतः आल्या. डॉक्टर म्हणाले, साखर चारशेच्या घरात, पायाची जाणीव गेलेली, आठवडाभर उशीर झाला असता तर घोट्यापासून कापावा लागला असता.

दोन महिन्यांनी दोन्ही पायांनी चालत गेलो बाईंचे आभार मानायला. हात जोडले. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, पण टाकीपासून लांब उभे राहा."

आता रोज सकाळी ही चष्मा लावून, आरसा धरून माझे तळवे तपासते, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाही. अहो, अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून बघितलं नाही तिनं... पण असो, कुठून का होईना, सुरुवात झाली.