स्वयंपाकघरातला स्पीकर

हॅलो?… हां तनया, बोल… ऐकू येतंय गं, पुण्याहून ओरडायची गरज नाही.

आले ना. तुझे पॅकिंगवाले आले. द्वारकाजी म्हणून आहेत, हॉलमध्ये बसलेत. फोम काय, थर्माकोल काय, एवढा थोरला खोका… लेकीची पाठवणी असल्यासारखा थाट आहे. तुझ्या पाठवणीला नव्हता एवढा.

नाही, भांडत कुठे आहे? ने बाई, खुशाल ने. माळ्यावरचं ते टेप-स्पीकरचं धूड एकदाचं जाईल, मी देवापुढे साखर ठेवीन.

काय कोपरा?… रेट्रो कोपरा. बरं. आणि तुझ्या नवऱ्याला, अभिजितला चालतंय ते?… म्हणजे तोही तसलाच.

अगं पण ऐक ना… ऐक तर खरं. तुम्ही ते रील्स बघता आणि तुम्हाला उमाळे येतात. मी तो डबा पुसलाय, वर्षानुवर्षं. मला विचार. पुढे काय लिहिलंय? दोन हजार वॉट. खरे असते तर आमच्या सगळ्या मानसरोवर कॉलनीचे दिवे गेले असते. एकेका स्पीकरला तीन-तीन भोंगे दिसतात ना? त्यातले दोन नुसत्या प्लॅस्टिकच्या ताटल्या. मागे वायरच नाही! एकदा धुळीची आँधी येऊन गेल्यावर जाळी काढून बघितलं मी. भातुकलीतली भांडी बरी.

हो, हो… नाचायचे दिवे. बातम्यांनाही नाचायचे. कुणी वारल्याची बातमी असली तरी यांचं लाल-हिरवं, लाल-हिरवं. आणि पाहुणे आले की तुझे बाबा ट्यूबलाइट बंद करायचे, दिवे नीट दिसावेत म्हणून. ते बिचारे अंधारात पोहे चाचपडायचे.

जपानी कसलं डोंबलाचं! नाव जपानी.

बाबा?… त्यांचं नको विचारूस. चार दिवस झाले, अंगात आलंय. विमा कंपनीतनं रिटायर झाल्यापासून या माणसाला एवढं खूश बघितलं नव्हतं. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायला सवड नाही, पण टेपचा बेल्ट शोधत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्वकर्माच्या कारखान्यांपर्यंत बसनं गेले. मिळाला म्हणे. पेढे वाटायचे तेवढे राहिलेत.

थांब हं… अहो! ती उशी कशाला घेतली त्याच्याखाली? दिवाणावर ठेवा दोन्ही स्पीकर, दिवाणावर!… द्वारकाजी, बस पाँच मिनट, भैया. साहब एक बार बजाकर देखेंगे, फिर ले जाइए… हं, बोल. चालतंय की नाही ते बघायचंय म्हणे पाठवण्याआधी. चालून करायचंय काय? तुझ्या कोपऱ्यात ते फोटो काढायलाच बसणार.

काय?… हो, ते मात्र खरं. तेवढं एक केलं त्यांनी माझ्यासाठी. दाराच्या चौकटीवरनं खिळे मारत वायर नेली होती. एक स्पीकर हॉलमध्ये, एक माझ्या फ्रिजवर. "जयंतीलाही पोळ्या लाटताना गाणं हवं." येईल त्याला दाखवायचे. आणि मीही मिरवलं गं, खोटं कशाला बोलू? कॉलनीतल्या बायका जळायच्या.

हसतेस काय?… आलं का ते परत! हो, टँटँटँ. हसा. आईला एका गाण्याचे शब्द येत नाहीत, आई नुसती टँटँटँ करते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेंड्यांमधून उठवलं होतं मला, आठवतंय? पंच कोण, तर तुझे बाबा. "आमच्या हिला नुसतं वाजवणं पाठ!" सगळा हॉल हसला. तूही हसलीस, पुढचे दोन दात पडलेले होते तुझे.

नाही गं, राग नाही. माझंच डोकं मंद, असं धरून चालले. त्यांचं ते रविवारचं गाणं नव्हतं का… हां, तेच. केवढं आवडायचं मला. पण शब्द काही लागले नाहीत कधी. चहा द्यायला हॉलमध्ये आले की एखादी ओळ कानावर पडायची, तेवढीच. पुन्हा आत गेले की कुकर आणि त्या व्हायोलिनी. काय रडायच्या गं त्या! मी लाटता लाटता डोळे पुसायचे. माहेर आठवायचं.

थांब, लावलं बहुतेक त्यांनी… खरखर येतेय… चालू झालं! दिवेही लागले. बघा, नाचले मेले.

हो, तेच गाणं. तीच कॅसेट. ऐकू येतंय तुला?… थांब, फोन तिकडे धरते.

…

तनया.

तनया, ही बाई काय म्हणतेय?

नाही, कळतंय गं! एकेक शब्द कळतोय, तेच तर म्हणते. मला वाटायचं हे रडकं गाणं आहे. ही तर भांडतेय! नवऱ्याशी भांडतेय चक्क! दार अडवून उभी आहे आणि सुनावतेय त्याला… आणि मी रडत होते? कशाला रडत होते मी?

तू गप्प बस जरा. अहो… अहो, त्या एका स्पीकरची वायर काढा. काढा म्हणते ना… हं. आता नुसती बाई. वाद्यं गेली… आता ती लावा, दुसरी काढा.

…

हे. हे बघ, हे माझं गाणं. हे ऐकलंय मी. नुसत्या व्हायोलिनी आणि तबला. बाई नाहीच यात.

काय म्हणताय?… ते म्हणतायत, स्टिरिओ असाच असतो. एकीकडे आवाज, एकीकडे वाद्यं, दोन्ही समोर ठेवून मध्ये बसायचं असतं. आत्ता सांगतायत! वर हसतायत. "आमच्या कधी लक्षातच आलं नाही," म्हणे.

तुला व्हायोलिनी ठाऊक होत्या का गं?… नव्हत्या ना? तू हॉलमध्ये अभ्यासाला बसायचीस. तुला बाई, मला वाद्यं. बावीस वर्षं या घरात कुणी एक गाणं पुरतं ऐकलं नाही. आणि हसले सगळे मला.

नाही, मी रडत नाहीये. राग आलाय मला. चांगला सणसणीत राग आलाय… अगं मजा कसली त्यात? त्या मंडळात पुढची तीन वर्षं मी गेले नाही, आठवतंय का?… नसेलच आठवत. डोकं दुखतंय म्हणून सांगायचे मी.

द्वारकाजी… नहीं नहीं, रहने दीजिए. खाली खोका वापस ले जाइए. अब नहीं भेजना है… हाँ, मैडम से मैं ही बात कर रही हूँ. चाय पीकर जाइए.

ऐकलंस ना? नाही मिळणार… नाही म्हणजे नाही. तुझ्या कोपऱ्यात दुसरं काहीतरी ठेव, कुंडी ठेव. अर्धं गाणं ऐकलंय मी आजवर. उरलेलं अर्धं ऐकून होईपर्यंत हा डबा इथेच राहील.

छे गं, मत कशाला बदलेल? भिकारच आहे तो. दोन हजार वॉट म्हणे!

अहो, कॅसेट मागे घ्या. पहिल्यापासून… आणि तुम्ही कुठे बसताय? द्वारकाजींना चहा कोण टाकणार?… हो, तुम्ही. जा आत. कणीकही भिजवायचीय… ऐकू येईल की. कुकर लावा म्हणजे जास्तच छान येईल. आणि दार ओढून घ्या.

तनया, ठेव आता. सुरू झालं.