पेलाभर मधाची दारू

लुब्लिनच्या दवाखान्यात यादविगा आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारचं म्हातारं जोडपं डॉक्टरांचा निकाल ऐकायला आलं होतं आणि हळू आवाजात बोलत होतं.

"बोगदान, ही बाटली इथे कशाला आणलीस?"

"आपली कलिना जन्मली तेव्हा पुरून ठेवलेली मधाची दारू आहे, इरेना. शनिवारी तिच्या लग्नात केकनंतर द्यायची आहे. आणि मला ती पाण्यासारखी लागते."

"सर्दी झाली असेल."

"सर्दीसाठी कोणी डोक्याचा फोटो काढत नाही. दारूच बिघडली असेल, तर माझं डोकं ठीक आहे. तू चाखून बघ."

"मी नाही चाखणार."

"घाबरतेस?"

"हो."

म्हातारा यादविगाकडे वळला. "बाई, तुम्ही चाखा. आणि खरं सांगा."

त्याने इवल्याशा पेल्यात सोनेरी दारू ओतली. तिने एक घोट घेतला. आधी लिंडनच्या फुलांचा वास आला, मग दाट गोडवा जिभेवर पसरला आणि घशाखाली उतरल्यावरही रेंगाळत राहिला. तिने उरलेली दारूही पिऊन टाकली. इरेना रुमाल पिळत तिच्याकडे बघत होती.

"आंबली आहे," यादविगा म्हणाली.

"बघ, मी म्हणतच होते."

"तू सर्दी म्हणत होतीस."

आतून बोगदानचं नाव पुकारलं गेलं. त्याने बाटलीला घट्ट बूच लावलं आणि ती इरेनाच्या हातात दिली.

"शनिवारी सगळ्यांना दे. आंबलेल्या दारूचा दुसरा घोट कोणी घेत नाही."